मत हा निवाडा आहे : यहुदी परंपरा आणि आपले बेने इस्राएल बांधव

'मतदान' हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, त्यातील 'दान' या पदाकडे आपले लक्षच जात नाही. दान म्हटले की देणारा मोठा आणि घेणारा लहान ठरतो. द्यावे की न द्यावे, कोणाला द्यावे, हा देणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न होतो. दानाच्या बदल्यात काही पदरात पडले, तर त्यात फारसे वावगे आहे असेही पुष्कळांना वाटत नाही. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत, सेवा सोसायटीपासून बाजार समितीपर्यंत आपण मत देत आलो आहोत; परंतु आपण जे देतो ते नेमके काय असते, याचा विचार मात्र क्वचितच करतो.

या प्रश्नाचा विचार ज्यांनी फार पूर्वी आणि फार खोलवर केला, त्यांत यहुदी समाजाची गणना करावी लागेल. त्या परंपरेत मत म्हणजे दान नव्हे. मत म्हणजे निवाडा. जो मत देतो तो तेवढ्या वेळेपुरता न्यायाधीश असतो, आणि न्यायाधीशाला जी बंधने असतात ती सर्व त्यालाही लागू होतात. हा विचार त्यांच्या ग्रंथांत कसा वाढत गेला आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, हे पाहण्याचा या निबंधाचा हेतू आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांचा यहुदी लोकांशी काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. संबंध आहे, आणि तो आपल्या भाषेतूनच येतो. यहुदी समाजाची एक शाखा शतकानुशतके कोकणात नांदली. तिने मराठी आपली मायबोली केली, आणि मताच्या अधिकारासाठी समुद्रापार जाऊन न्यायालयात झगडून दाखविले. त्या बेने इस्राएल बांधवांची कथा पुढे सांगावयाची आहे. पण ती नीट समजावयास हवी असेल, तर आधी त्यांच्या पूर्वजांच्या ग्रंथांत थोडे डोकावले पाहिजे.

यहुदी धर्माचा मूळ ग्रंथ तोरा. इजिप्तच्या दास्यातून लोकांना बाहेर काढणारा मोशे हा त्यांचा सर्वांत थोर पुढारी. देवाशी तो प्रत्यक्ष बोलत असे, अशी त्यांची श्रद्धा आहे. असा पुरुष जेव्हा लोकांवर अंमलदार नेमू लागला, तेव्हा त्याने लोकांनाच सांगितले की, आपापल्या वंशांतून शहाणी, समंजस आणि परिचित माणसे तुम्ही पुढे आणा. मी त्यांना नेमतो. देवाच्या माणसालाही लोकांना विचारल्यावाचून नेमणूक करता आली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढे तालमूद या महाग्रंथात धर्मपंडितांनी, म्हणजे रब्बींनी, याच सूत्राला आणखी एक कथा जोडली. रानात देवाचा मंडप उभारावयाचा होता. त्यासाठी बसालेल नावाचा कारागीर देवाने निवडला आणि मोशेला विचारले की, हा तुला पसंत आहे का? मोशे म्हणाला, तुला पसंत तर मला पसंत असणारच. त्यावर देवाने त्याला बजावले की, ते खरे, तरी जाऊन लोकांना विचार. या कथेवरून रब्बींनी नियमच काढला : समाजाला विचारल्याशिवाय समाजावर पुढारी नेमू नये. ज्या देवाला सर्व विश्वाचे स्वामित्व आहे तोही एका सुताराच्या नेमणुकीसाठी लोकमत घेतो, ही कल्पनाच मोठी विलक्षण आहे.

परंतु लोकांना विचारले म्हणजे लोक नेहमी शहाणेच उत्तर देतात, असा भाबडा समज या ग्रंथांत कोठेही नाही. शास्ते या पुस्तकात अबीमलेखाची गोष्ट आहे. त्याला राजा व्हावयाचे होते. शखेम नगरीच्या लोकांनी त्याला देवळाच्या भांडारातून चांदीची सत्तर नाणी काढून दिली. त्या पैशावर त्याने रिकामटेकडी, उडाणटप्पू माणसे भाड्याने गोळा केली आणि आपल्या सत्तर भावांना ठार केले. एकटा धाकटा योथाम लपून राहिला म्हणून वाचला. शखेमच्या लोकांनी अबीमलेखाला राजा केले, तेव्हा योथाम डोंगरावर चढला आणि त्याने खाली जमलेल्या लोकांना एक दृष्टांत सांगितला.

एकदा झाडांना राजा हवा होता. ती जैतुनाकडे गेली. जैतून म्हणाले, देवाला आणि माणसाला प्रिय असे माझे तेल सोडून मी तुमच्यावर डोलत बसू काय? मग ती अंजिराकडे गेली. अंजिराला आपली गोडी सोडवेना. द्राक्षवेलीला आपला रस सोडवेना. शेवटी झाडे काटेझुडपाकडे गेली. ते लगेच तयार झाले. म्हणाले, या, माझ्या सावलीत बसा. आणि बसणार नसाल तर माझ्यातून आग निघून लबानोनचे देवदारही जाळून टाकील. काटेझुडपाला सावली कितीशी असणार! पण आग मात्र त्याच्यापाशी भरपूर होती. पुढे झालेही तसेच. तीन वर्षांत राजा आणि प्रजा यांचे बिनसले, शहर उद्ध्वस्त झाले, आणि एका बाईने बुरुजावरून टाकलेल्या जात्याच्या तळीने अबीमलेखाचा शेवट झाला.

या दृष्टांतात दोष केवळ काटेझुडपाचा नाही. ज्यांच्याजवळ तेल, गोडी आणि रस होता त्या झाडांनी अंग काढून घेतले, म्हणून काटेझुडपाची पाळी आली. 'राजकारण आपले काम नव्हे' असे म्हणणारा सज्जन हा या कथेतला जैतून होय. मताच्या दिवशी घरी बसणारा शहाणा माणूसही त्याचाच भाऊ.

मत म्हणजे निवाडा ही कल्पना खऱ्या अर्थाने पक्की झाली ती यहुद्यांच्या न्यायसभेत. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले. त्यानंतर परंपरेने आलेले कायदे सुमारे इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना नावाच्या ग्रंथात एकत्र करण्यात आले. देहान्त शिक्षेच्या खटल्यात न्यायाधीश कसे बसावेत आणि मते कशी घ्यावीत, याचे तपशील त्यात दिले आहेत. तेवीस न्यायाधीश अर्धवर्तुळात बसत. मिश्नाकारांनी उपमा दिली आहे ती अर्ध्या खळ्याची! आपल्याकडील शेतकऱ्याला ती चटकन पटेल. अर्ध्या खळ्यासारखे बसावयाचे ते प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसावे म्हणून.

मते घेताना सुरुवात कडेच्या, म्हणजे सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशापासून होई. वडीलधाऱ्याने आधी मत दिले, तर धाकटा त्याच्या भिडेने तेच मत देईल. मग ते त्याचे मत राहणार नाही. आपल्या गुप्त मतपत्रिकेमागे जो हेतू आहे, तोच या नियमामागे दिसतो. सोडण्यासाठी एका मताचे आधिक्य पुरे. दोषी ठरविण्यास दोन मतांचे आधिक्य हवे. निर्दोष ठरवावयाचे तर त्याच दिवशी, दोषी ठरवावयाचे तर मध्ये एक रात्र जाऊ द्यावयाची. एखादा न्यायाधीश 'मला कळत नाही' म्हणाला, तर त्याला मोजणीत न धरता नवे न्यायाधीश वाढवावयाचे. तालमूदात तर याहून आश्चर्यकारक नियम नोंदला आहे. सर्वच्या सर्व न्यायाधीशांनी एकमुखाने दोषी ठरविले, तर आरोपीला सोडून द्यावे. एकानेही त्याच्या बाजूने विचार केला नाही, तेव्हा त्या निवाड्यात विचार झालाच नाही असे समजावे. बिनविरोध निवडणुकीचे कौतुक करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या नियमावर क्षणभर थांबावे.

लाचेच्या बाबतीत ही परंपरा अधिकच कडक आहे. लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते, असे तोरा सांगते. तालमूदातील रब्बींनी लाचेचा अर्थ पैशापुरता ठेवला नाही. शमुवेल नावाचे एक थोर न्यायपंडित पाणी ओलांडत असताना एका माणसाने पुढे होऊन त्यांना हात दिला. शमुवेलांनी विचारले, तुझे इकडे काय काम? तो म्हणाला, आपल्यापुढे माझा दावा आहे. तेव्हा शमुवेल म्हणाले, मग तुझ्या दाव्यात मी न्यायाधीश म्हणून बसू शकत नाही. हात दिला एवढेच. पण तेवढ्यानेही मन झुकते, हे त्यांनी जाणले. मत विकताना बेलभंडारा उचलून शपथ घ्यावी लागल्याच्या गोष्टी महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. पैसे घेतले म्हणून शपथ पाळणारा आपल्याला प्रामाणिक वाटतो. शमुवेलांच्या दृष्टीने मात्र पैशाला हात लावला त्याच क्षणी तो न्यायासनावरून उतरला. मग शपथ पाळली काय आणि मोडली काय!

बहुमताच्या मर्यादेचाही विचार त्यांनी केला. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलियेझर यांचा इतर सर्व पंडितांशी वाद झाला. एलियेझरांनी आपल्या बाजूने चमत्कार दाखविले. झाड जागचे हलले, पाणी उलटे वाहू लागले, पाठशाळेच्या भिंती कलल्या. अखेर आकाशवाणीही झाली की, एलियेझरांचेच म्हणणे खरे. तेव्हा रब्बी यहोशुवा उभे राहिले आणि म्हणाले की, धर्मशास्त्र आता स्वर्गात राहिलेले नाही. ते माणसांच्या हाती दिलेले आहे, आणि त्यात बहुमताने निर्णय करण्यास सांगितले आहे. देव यावर हसला आणि माझ्या मुलांनी मला जिंकले असे म्हणाला, अशी कथा आहे.

ही कथा येथवरच सांगण्याची रीत पडली आहे. ग्रंथात मात्र ती पुढे चालते. बहुमतवाल्यांनी त्या वृद्ध पंडिताला बहिष्कृत केले. ही वार्ता सांगण्यास रब्बी अकिवा काळी वस्त्रे घालून गेले आणि त्यांनी ती शक्य तितक्या हळुवारपणे सांगितली. एलियेझरांच्या डोळ्यांतून अश्रू आले. पुढे बहुमतवाल्यांचे प्रमुख गमलीएल यांचा मृत्यू या दुःखापायीच ओढवला, असे ग्रंथ म्हणतो. शिवाय ही सारी कथा तालमूदात आली आहे ती शब्दांनी दुसऱ्याला दुखविण्याच्या पापाची चर्चा चालली असताना! बहुमताने निर्णय करावा, पण हरलेल्याला समाजाबाहेर ढकलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, असा तिचा इशारा आहे. तोरेतील ज्या वचनातून बहुमताचा नियम काढला, त्याच वचनाची सुरुवात दुष्कृत्यासाठी बहुजनांच्या मागे जाऊ नकोस अशी आहे, हे विसरता येत नाही.

पुढे यहुदी देशोदेशी पांगले. राज्य गेले, सैन्य गेले. पण गावोगाव त्यांच्या स्वतंत्र पंचायती राहिल्या. कर गोळा करणे, गरिबांना पोसणे, शाळा चालविणे, ही कामे पंचायत करी आणि तिचे कारभारी निवडले जात. तेराव्या शतकात जर्मनीत रोथेनबर्गचे रब्बी मेइर यांच्याकडे अशा एका तंट्याचा प्रश्न गेला. त्यांनी उत्तर दिले की, कर देणाऱ्या सर्व घरधन्यांना एकत्र बसवावे. प्रत्येकाने देवाला स्मरून आणि गावाचे हित पाहून आपले मत सांगावे, आणि बहुमत होईल तसे करावे. मत देण्याच्या क्रियेत देव आणि गाव या दोघांना एकत्र आणणारे हे उत्तर पुढच्या शतकांतील कायदेग्रंथांनी उचलून धरले. त्यात उणेही दिसते. ज्याच्याकडून कर मिळत नाही त्याला मत नाही, आणि स्त्रीला तर नाहीच. पण ही उणीव त्या काळी साऱ्या जगात होती. या रब्बी मेइर यांना राजाने कैदेत टाकले. त्यांच्या सुटकेसाठी मोठी रक्कम देण्यास समाज तयार असता, असा पायंडा पडू नये म्हणून त्यांनी ती देऊ दिली नाही, असे परंपरा सांगते. १२९३ साली ते कैदेतच वारले. समाजाच्या हितासाठी मत द्या, असे सांगणाऱ्याने समाजाच्या हितासाठी काय दिले, हे यावरून कळेल.

आता आपण कोकणात येऊ. अलिबागजवळ नवगाव येथे फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले. प्रार्थना विसरली; राहिले ते 'शेमा' हे एक वचन, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा विसावा. उपजीविकेसाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली : राजपूरकर, किहीमकर, दिवेकर, पेणकर. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करण्याची त्यांची प्रथा आजही चालू आहे.

अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईत येऊ लागली. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याचे नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. पण बेने इस्राएल लोक आपल्या मराठीत त्याला मशीदच म्हणत. मस्जिद बंदर हे नाव याच मशिदीवरून पडले, असे सांगतात. या समाजाच्या पंचायतीची नावे ऐकली तर आपल्याच गावगाड्यात आल्यासारखे वाटते. मुकादम आणि चौगुले हे शब्द आपले; गब्बाय म्हणजे खजिनदार आणि हजान म्हणजे प्रार्थना म्हणणारा हे हिब्रू. समाजातील तंटे ही मंडळी ऐकत आणि निवाडा करीत. मराठी गावगाडा आणि यहुदी पंचायत यांचा असा सहज सांधा या समाजात जुळला.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीने पुण्यास ज्या काळात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच काळात, १८७५ साली, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. कथा-कीर्तनाचा आपला प्रकारही या समाजाने उचलला आणि अब्राहाम, मोशे यांची आख्याने मराठी पदांतून गाइली. शिकलेली बेने इस्राएल मंडळी सैन्यात, रेल्वेत, पोस्टात आणि इस्पितळांत शिरली व नोकरीच्या निमित्ताने देशभर पसरली.

याच काळात त्यांच्या वाट्याला एक मोठे दुःख आले, आणि ते परक्यांकडून नव्हे तर स्वधर्मीयांकडून. एकोणिसाव्या शतकात बगदाद व आसपासच्या प्रदेशांतून श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईस आले. आरंभी ते बेने इस्राएलांच्याच मंदिरात प्रार्थना करीत. पुढे त्यांना हे सावळे, मराठी बोलणारे, मलिदा करणारे यहुदी कमअस्सल वाटू लागले. १८३६ साली त्यांच्यातील काहींनी मुंबईच्या यहुदी दफनभूमीत मध्ये भिंत घालून मिळावी, अशी सरकारकडे मागणी केली. यहुदी सार्वजनिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्राएल पुरुषाला मोजावयास बगदादी तयार होईनात. विवाह आणि घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम तुम्ही पाळीत आला नाही, तेव्हा तुमचे यहुदीपण शुद्ध नाही, असा त्यांचा युक्तिवाद असे. ज्यांनी सारे ग्रंथ गमावूनही शनिवार सोडला नाही, त्यांनाच दहांत धरावयाचे नाही, हा कसला धर्म! मोजले न जाणे म्हणजे काय, हे दुःख जातिभेदाच्या या भूमीत कोणाला समजावून सांगावे लागू नये.

हे भांडण विकोपास गेले ते रंगून शहरी. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने बेने इस्राएल कुटुंबे तेथे स्थायिक झाली होती. रंगूनच्या मुसमेआ येशुआ या प्रार्थनामंदिरात बगदादी यहुद्यांचे वर्चस्व होते. मंदिराच्या विश्वस्तांच्या निवडणुकीत बेने इस्राएलांना मत नाही आणि त्यांना उभेही राहता येणार नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला. बेने इस्राएल मंडळी रंगूनच्या उच्च न्यायालयात गेली. १९३४ साली दावा दाखल झाला. १९३५ साली निकाल लागला. बेने इस्राएल हे यहुदीच आहेत, आणि विश्वस्तांच्या निवडणुकीत मत देण्याचा व निवडून येण्याचा त्यांना अधिकार आहे, असे न्यायालयाने ठरविले.

या खटल्याचे मोल किती, याचा विचार करावा. विश्वस्तपद मिळून त्यांना काही जहागीर मिळणार नव्हती. परगावी राहणाऱ्या नोकरपेशा माणसांनी धनाढ्य व्यापाऱ्यांविरुद्ध न्यायालयात उभे राहावे, एवढे त्या एका मतात काय होते? 'हा आमचा आहे' ही कबुली त्यात होती. ज्याचे मत मोजत नाहीत, तो त्या घरचा नव्हे. आणि जो त्या घरचा आहे, त्याचे मत मोजलेच पाहिजे. देवळातील मताचा प्रश्न असा माणूसपणाच्या प्रश्नाशी येऊन भिडला होता.

आपल्या मंदिरात मतासाठी झगडणाऱ्या या समाजाची देशाच्या राजकारणातील वागणूकही पाहण्यासारखी आहे. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी अनेक समाजांना वेगवेगळे मतदारसंघ दिले. यहुद्यांसाठी मात्र असा वेगळा मतदारसंघ झाला नाही. ते सर्वसामान्य मतदारांतच राहिले. १९१६ साली लोकमान्य टिळकांवर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत जीनांबरोबर डेव्हिड एरुलकर हे बेने इस्राएल वकील होते. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर हे १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. मुंबईत यहुद्यांची वस्ती ती किती! केवळ त्यांच्या मतांवर कोणालाही महापौर होता आले नसते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती नगरसेवकांनी त्यांना निवडले. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. ते नाव एका मराठी यहुद्याचे आहे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले आणि बेने इस्राएल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. तेथे त्यांना नागरिकत्व मिळाले, मताचा अधिकारही मिळाला. पण जुनी शंका त्यांच्या मागोमाग गेली. १९६२ साली तेथील रब्बीमंडळाने निर्देश काढले की, बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. पुन्हा तोच प्रश्न : तुम्ही खरे यहुदी आहात काय? समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये तेथील संसदेला खास बैठक घ्यावी लागली आणि बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत, असा निर्वाळा द्यावा लागला. कोकणच्या पंचायतीतून आणि भारताच्या सार्वजनिक जीवनातून आलेल्या या माणसांनी दगड-काठ्या न घेता बैठ्या सत्याग्रहाने हे मिळविले, याचा आम्हां मराठी माणसांना अभिमान वाटावा. आज इस्राएलमध्ये त्यांची संख्या भारतातल्याहून कितीतरी अधिक आहे. येथे सर्व मिळून चार-पाच हजार यहुदीच उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

स्त्रियांच्या मताचा प्रश्नही या परंपरेला सोडवावा लागला. १९२० साली पॅलेस्टाइनमधील यहुद्यांनी आपली प्रतिनिधिसभा निवडली, तेव्हा स्त्रियांना मत द्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला. रब्बी कूक यांच्यासारखे थोर पुरुष विरोधात होते. रब्बी बेन्झिऑन उझिएल यांनी मात्र धर्मशास्त्राच्याच आधाराने उलट मत दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : निवडून आलेल्यांची आज्ञा स्त्रीने पाळावी, त्यांनी बसविलेला कर द्यावा, ही अपेक्षा आहे ना? मग त्यांना निवडण्याचा अधिकार तिला नाही, हे कोणत्या न्यायाने? या प्रश्नाला उत्तर नव्हते. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत मिळाले. बुलढाणा जिल्हा त्या वेळी जुन्या मध्यप्रदेशात होता. परंतु त्याच वेळी उत्तर भारतातील काही राज्यांत सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले, स्वतःचे नाव सांगितले नाही, म्हणून त्यांची नावे यादीतून गळाली. अधिकार कायद्याने मिळाला, पण मोजले जाण्यासाठी स्वतःचे नाव घ्यावे लागते. यादीत आपले आणि आपल्या घरच्या बायामाणसांचे नाव आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच कारकुनी काम समजू नये.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण सांगून हा विषय आवरता घेऊ. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन हे विसाव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्राचे फार मोठे अधिकारी. रशियातील छळ अनुभवून ते अमेरिकेत आले होते. १९८४ साली त्यांनी एक पत्र काढून यहुद्यांना सांगितले की, मतदारयादीत नाव नोंदवा आणि मत द्या. यासाठी त्यांनी कारण दिले ते कृतज्ञतेचे. ज्या देशाने आपल्याला निर्भयपणे धर्म पाळू दिला त्याचे ऋण मानणे हे धर्मकर्तव्य आहे, आणि मत देणे हा ते ऋण मानण्याचा मार्ग आहे. कोणाला मत द्यावे, हे मात्र त्या पत्रात सांगितलेले नाही.

याप्रमाणे पाहता, मोशेपासून आजपर्यंत यहुदी परंपरेने मताविषयी जे सांगितले त्यात एक सूत्र सलग दिसते. मत ही खाजगी मालमत्ता नव्हे. म्हणून ते विकता येत नाही आणि फुकट वाटताही येत नाही. ते न देणे म्हणजे निवाड्याच्या दिवशी न्यायाधीशाने गैरहजर राहणे होय. दुसऱ्याचे मत हिरावणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणे होय, मग ते घर देवाचे असो की देशाचे. आणि बहुमत मिळाले, तरी हरलेल्याच्या डोळ्यांतील पाण्याचा हिशेब जिंकणाऱ्याकडून घेतला जातो.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. पंचांच्या मुखी परमेश्वर असतो, असे मानणारे आपण. ज्या दिवशी आपण मतपेटीपाशी जातो, त्या दिवशी पंच आपणच असतो. तेव्हा निवडणुकीच्या सुमारास कोणी वाटेत हात द्यावयास पुढे झाला, रस्ता करून देतो म्हणाला, देवळाला घंटा देतो म्हणाला, घरी काही पाठवितो म्हणाला, तर शमुवेलांप्रमाणे त्याला आधी एवढे विचारावे की, बाबा, तुझे इकडे काय काम आहे? त्याचा दावा आपल्यापुढे आहे असे कळले, तर त्याचा हात नम्रपणे बाजूला करावा, आणि मग निवाडा करावा.